परातीतली बाग

सांगलीच्या धाकट्या बहिणीच्या गृहप्रवेशाला मी साताऱ्याहून पितळी परातीत सजवलेली बाग नेली होती. परातीला छिद्र नव्हते. काठोकाठ भरलेली काळी माती पाणी धरून बसली आणि महिन्याभरात मुळे कुजली. शोभेच्या मोहात एकेंद्रिय जीवांची हानी झाली, ही खंत राहिली.

२०१२ साली पश्चिम घाटासह जागतिक वारसा ठरलेल्या कास पठारावर जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरातही फुले बहरतात. तेथून रोप आणू नये. थोडक्यात फुलण्याचा धडा आणावा.

यंदा तळाला छिद्र असलेल्या उथळ कुंडीत विटांचे तुकडे, वर माती व वाळू समभाग घालून कोरफडीची पिल्ले लावली. माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे, ही सूचना भेटीसोबत लिहून दिली. ठेवीचे नियम आधीच सांगावे लागतात. जीवाच्या ठेवीचे तर अधिकच.