समजून घ्या : रेपो दराच्या गलक्यात हरवणारी रिझर्व्ह बँकेची ‘दुसरी’ बैठक

दर दोन महिन्यांनी एका सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यांच्या मोबाइलवर एकच नोटिफिकेशन झळकते. रेपो दर घटला, वाढला किंवा ‘जैसे थे’. पुढच्या पाच मिनिटांत गृहकर्जाचा हप्ता कितीने बदलणार, याची गणिते व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. पण रिझर्व्ह बँकेत आणखी एक बैठक नियमित होते. तिचे थेट प्रक्षेपण नसते. बैठक संपल्यावर संकेतस्थळावर एक छोटे प्रसिद्धिपत्रक येते. जागतिक व देशांतर्गत आर्थिक स्थितीचा आढावा घेतला, अमुक विषयांवर चर्चा झाली आणि अमुक सदस्य हजर होते, एवढाच त्यातला मजकूर.

२३ मे २०२५ च्या शुक्रवारी मुंबईत अशीच एक बैठक झाली. रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाची ती ६१६वी बैठक. त्या दिवशीच्या छोट्याशा पत्रकात केंद्र सरकारला २ लाख ६८ हजार ५९० कोटी रुपये देण्याचा निर्णय होता. तुलनाच करायची तर २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘मनरेगा’साठी ८६ हजार कोटींची तरतूद होती. म्हणजे त्याच्या तिपटीहून अधिक रक्कम एका पत्रकात मंजूर झाली. रकमेचा मथळा झाला. ती इतकीच का ठरली, याची बातमी फारशी कुठे झाली नाही.

रेपो दर ठरवणारे वेगळे, हे वेगळे?

होय. इथेच बहुतेकांची गफलत होते. रेपो दर २०१६ पासून सहा सदस्यांची पतधोरण समिती ठरवते. त्यात तीन जण रिझर्व्ह बँकेचे आणि तीन बाहेरचे. केंद्रीय संचालक मंडळाचा व्याजदराशी संबंध नाही. रिझर्व्ह बँक नावाची संस्था चालवणे हे मंडळाचे काम. बँकेचे वार्षिक हिशेब मंजूर करणे, तिचा स्वतःचा अर्थसंकल्प ठरवणे, जोखमीसाठी किती पैसा राखून ठेवायचा आणि सरकारला किती द्यायचा, हे सगळे तिथे ठरते. मंडळाच्या वतीने एक समिती आठवड्याला भेटून चालू कामे आणि साप्ताहिक ताळेबंद पाहते. बँकांवरील देखरेखीसाठी १९९४ पासून वेगळे वित्तीय पर्यवेक्षण मंडळ आहे.

१९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यानुसार या मंडळात जास्तीत जास्त २१ जण असू शकतात. गव्हर्नर, चार डेप्युटी गव्हर्नर, चार स्थानिक मंडळांतून प्रत्येकी एक, विविध क्षेत्रांतून नेमलेले दहा आणि दोन सरकारी अधिकारी. उद्योगपती आनंद महिंद्रा आणि वेणू श्रीनिवासन यांची २०२२ मध्ये चार वर्षांसाठी झालेली नेमणूक याच दहांपैकी. वर्षाला किमान सहा आणि दर तिमाहीत किमान एक बैठक घेणे बंधनकारक आहे.

यातली एक तरतूद मोठी गमतीची आहे. अर्थ मंत्रालयाचे दोन अधिकारी बैठकीला बसू शकतात, बोलू शकतात, पण मतदान करू शकत नाहीत. डेप्युटी गव्हर्नरांनाही मत नाही. गव्हर्नर गैरहजर असतील आणि त्यांनी लेखी अधिकार दिला असेल, तरच एका डेप्युटी गव्हर्नरला त्यांच्या वतीने मत देता येते. म्हणजे बँकेचे रोजचे काम ज्यांना सर्वांत जास्त ठाऊक, ते गव्हर्नर सोडून बाकीचे मताविना. मत असलेले बहुतेक सगळे बाहेरचे आणि त्यांची नेमणूक केंद्र सरकारने केलेली.

एवढा पैसा येतो कुठून?

रिझर्व्ह बँकेचे भरणा झालेले भागभांडवल आजही अवघे ५ कोटी रुपये आहे. १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले (तेव्हा गव्हर्नरपदी आपल्या रायगडचे चिंतामणराव देशमुख होते) आणि तेव्हापासून मालक एकच, केंद्र सरकार. रिझर्व्ह बँक आयकर भरत नाही. कायद्याच्या कलम ४७ नुसार बुडीत कर्जे, मालमत्तेची घट, कर्मचाऱ्यांचे निधी वगैरेंची तरतूद केल्यावर उरलेला नफा सरकारला द्यायचा असतो. आपण त्याला सरसकट ‘लाभांश’ म्हणतो. कागदोपत्री शब्द आहे ‘अधिशेष’.

नोटा छापून नफा होतो, हा समज अर्धवट आहे. नोटांच्या छपाईवर उलट खर्च होतो. २०२४-२५ मध्ये तो ६,३७३ कोटी रुपयांच्या आसपास होता. कमाई होते ती बँकेकडच्या मालमत्तेवर. सरकारी रोख्यांवरचे व्याज आणि परदेशी रोख्यांवरचे व्याज हा त्यातला मोठा वाटा. तिसरा मार्ग डॉलरचा. रुपया घसरू लागला की रिझर्व्ह बँक बाजारात डॉलर विकते. समजा सरासरी ७० रुपयांना पडलेला डॉलर ८५ रुपयांना विकला, तर १५ रुपये नफ्यात. २०२४-२५ मध्ये परकी चलनाच्या व्यवहारांतून एक लाख कोटी रुपयांहून अधिक नफा झाला. रुपया सावरण्याच्या कामातून तिजोरीची ही भर, म्हणजे आजारपणाच्या विम्यावर घर चालवण्यासारखे आहे. दरवर्षी तेवढीच रक्कम येईल, असे धरून चालता येत नाही.

गेल्या काही वर्षांचे आकडे हेच सांगतात. नोटाबंदीच्या वर्षी ३०,६५९ कोटी. २०१८-१९ साठी १,७६,०५१ कोटी. २०२१-२२ साठी थेट ३०,३०७ कोटी, कारण त्या वर्षी १.१४ लाख कोटींहून अधिक रक्कम आकस्मिक निधीत टाकावी लागली. मग ८७,४१६ कोटी, २,१०,८७४ कोटी आणि २,६८,५९० कोटी. एवढा चढउतार एखाद्या कंपनीच्या लाभांशात दिसला असता, तर भागधारकांनी वार्षिक सभेत प्रश्नांची सरबत्ती केली असती.

खरा निर्णय : एक टक्का

२३ मेच्या पत्रकात रकमेइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा होता. आकस्मिक जोखमीसाठीचा राखीव निधी मंडळाने ताळेबंदाच्या ६.५ टक्क्यांवरून ७.५ टक्क्यांवर नेला. एखादी मोठी बँक अडचणीत आली, रोख्यांच्या किमती कोसळल्या किंवा परकी चलनात मोठा फटका बसला, तर वापरायची ही गंगाजळी. मार्च २०२५ अखेर रिझर्व्ह बँकेचा ताळेबंद ७६.२५ लाख कोटी रुपयांचा होता. त्याचा एक टक्का म्हणजे ढोबळमानाने ७६ हजार कोटी. हा टक्का अर्ध्याने जरी इकडेतिकडे झाला, तरी सुमारे ३८ हजार कोटींचा हिशेब बदलतो.

हा टक्का मंडळाच्या मनावर पूर्णपणे सोडलेला नाही. डॉ. बिमल जालान समितीने २०१९ मध्ये ५.५ ते ६.५ टक्के अशी मर्यादा आखून दिली. सोन्याच्या किंवा डॉलरच्या किमती वाढल्याने कागदावर दिसणारा नफा वाटायचा नाही, हा समितीचा दुसरा दंडक. तो फार मोलाचा. मंडळाने आधी चार वर्षे खालची कड, म्हणजे ५.५ टक्के धरली. मग ६, मग ६.५. पुढे १५ मे २०२५ च्या बैठकीत या आराखड्याचा आढावा घेऊन मर्यादाच ४.५ ते ७.५ टक्के अशी रुंद केली आणि आठवडाभरातच नव्या मर्यादेची वरची कड निवडली.

सावधगिरीचाच निर्णय होता आणि तो योग्य होता, असे म्हणायला जागा आहे. सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रिझर्व्ह बँक, सरकारी बँका आणि वित्तीय संस्था मिळून २.५६ लाख कोटी रुपयांचा लाभांश धरला होता. एकट्या रिझर्व्ह बँकेने त्याहून अधिक दिला आणि तरीही गंगाजळी वाढवली. पण खालची मर्यादा ५.५ वरून ४.५ वर का आणली? ज्या वर्षी सरकारला पैशांची चणचण असेल, त्या वर्षी मंडळ खालची कड धरू शकेल, अशी ती वाट आहे का? या प्रश्नावर बैठकीत कोण काय बोलले, कुणी वेगळे मत मांडले का, हे वाचकाला कळायला काही मार्ग नाही. मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त प्रसिद्ध होत नाही.

इतिवृत्त बाहेर आले तेव्हा

एकदा आले होते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी संध्याकाळी साडेपाच वाजता दिल्लीत मंडळाची ५६१वी बैठक झाली. रात्री आठला पंतप्रधानांनी नोटाबंदी जाहीर केली. कायद्याच्या कलम २६(२) नुसार नोटा बाद करायच्या तर मंडळाची शिफारस लागते, म्हणून ती बैठक. तिचे इतिवृत्त माहिती अधिकारातून लोकांसमोर आले ते मार्च २०१९ मध्ये. काळा पैसा बहुतांशी रोखीत नसून सोने आणि स्थावर मालमत्तेत असतो, त्यामुळे या उपायाचा त्यावर मोठा परिणाम होणार नाही, असे त्यात नोंदवलेले होते. त्या वर्षीच्या विकासदरावर अल्पकाळ विपरीत परिणाम होईल, हेही होते. तरीही मंडळाने मंजुरी दिली. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी ४ विरुद्ध १ अशा बहुमताने नोटाबंदी वैध ठरवली. मंडळाने स्वतंत्रपणे विचार केल्याचे दिसत नाही, हा मुद्दा न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या विरोधी निकालपत्रात होता. एटीएमच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला या नोंदी सव्वादोन वर्षांनी वाचायला मिळाल्या.

दुसरा प्रसंग २०१८ चा. रिझर्व्ह बँकेकडे गरजेपेक्षा जास्त राखीव निधी आहे, असे सरकारचे म्हणणे होते. २६ ऑक्टोबरला डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईतल्या व्याख्यानात अर्जेंटिनाचा दाखला देत जाहीर इशारा दिला. १९ नोव्हेंबरची मंडळाची बैठक तब्बल नऊ तास चालली. पत्रकात आले ते काही निर्णय. बैठकीला नऊ तास का लागले, ते नाही. १० डिसेंबरला गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात जालान समिती नेमली गेली.

इतरत्र काय होते?

युरोपीय मध्यवर्ती बँकेचे नियामक मंडळ व्याजदराखेरीज घेतलेल्या निर्णयांची यादी वेगळी प्रसिद्ध करते. वाचायला ती रटाळ असते, पण असते. बँक ऑफ इंग्लंडच्या संचालक सभेचे इतिवृत्तही संकेतस्थळावर वाचता येते. लांब जायचीही गरज नाही. आपल्याच पतधोरण समितीचे इतिवृत्त कायद्याने बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध करावे लागते, प्रत्येक सदस्याच्या मतासह आणि त्यामागच्या कारणासह. पाव टक्का रेपोसाठी सहा जणांची कारणे लेखी मिळतात. एका टक्क्याच्या ७६ हजार कोटींसाठी एक ओळ मिळते.

मंडळात अडचणीतल्या बँकांची नावे निघतात, ती बाहेर गेली तर ठेवीदारांची झुंबड उडेल, हा रिझर्व्ह बँकेच्या बाजूचा युक्तिवाद रास्त आहे. तो सगळ्या विषयांना लागू होत नाही, इतकेच. अधिशेष किती, राखीव निधी किती टक्के, मर्यादा का बदलली, या चर्चेत कोणत्याही बँकेचे नाव यायचे कारण नाही. तेवढ्या भागाचा सारांश काही आठवड्यांनी प्रसिद्ध करता येईल. पतधोरण समिती अस्तित्वात येण्याआधी, २०११ पासून, रिझर्व्ह बँक आपल्या तांत्रिक सल्लागार समितीचे इतिवृत्त प्रसिद्ध करत होती. तेव्हा तसे करायला तिला कोणत्याही कायद्याने भाग पाडले नव्हते.