गर्दीच्या कडेकडेने

दिवाळी सरली की घरोघरी सहलींचे बेत शिजू लागतात. पोरांना महाबळेश्वर हवे असते, सौभाग्यवतींना समुद्र हवा असतो. म्हाताऱ्या आईवडिलांना काय हवे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्यांच्या वतीने आपणच ठरवून मोकळे होतो. गर्दी नको, जिने नकोत, ऊन नको, दगदग नको! इतक्या नकारांतून जे काही शिल्लक उरते तेथे त्यांना नेऊन एका बाकावर बसवायचे, आणि वर विचारायचे, “काय, बरं वाटतंय ना?” बिचारे ‘हो’ म्हणतात. दुसरे काय म्हणणार?

आमचे गाव लोहारा. आता ते तालुक्याचे ठिकाण आहे. पण आमच्याकडे ‘शहर’ म्हटले की सोलापूरच. लग्नाचा बस्ता सोलापूरला, चष्म्याचा नंबर सोलापूरला, आणि वर्षाची मोठी जत्राही सोलापूरलाच. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या नावाने संक्रांतीला भरणारी ही यात्रा म्हणजे आमचा ‘गड्डा’. सिद्धरामेश्वर विरक्त योगी. एका कुंभारकन्येने त्यांच्याशीच लग्न करण्याचा हट्ट धरला आणि अखेर तिचे लग्न त्यांच्या योगदंडाशी लागले, अशी कथा आहे. त्या लग्नाच्या अक्षता आजही लाखभर माणसे टाकतात. माझे आजोबा निजामी हद्दीतून इंग्रजी हद्दीत बैलगाडीने या लग्नाला जात, आणि अण्णा लहानपणी त्याच गाडीच्या धुरीवर बसून गेलेले.

२०२५ च्या जानेवारीत अण्णांना पंच्याहत्तरावे लागले. गुडघे कुरकुरतात, आईला साखरेचा त्रास. धाकट्या भावाने पुण्याहून फोनवर तोडगा काढला : गड्डा उरकू दे, फेब्रुवारीत सगळे शांतपणे दाखवून आण. अण्णांनी फोन हातात घेतला आणि एवढेच म्हणाले, “मोकळं तळं बघायला सोलापूरला कशाला जायचं रे?”

मला तर हे म्हणणे बिनतोड वाटले. एखाद्या लग्नाला जायचे आणि वऱ्हाड परतल्यावर मांडव पाहायचा, यात काय हशील? प्रश्न गर्दी टाळण्याचा नव्हताच. गर्दीत बसायचे कुठे, याचा होता.

त्यासाठी आधी पंचांग पाहावे. संक्रांत चौदाला आली तर बाराला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, तेराला भोगीच्या दिवशी अक्षता, चौदाला होम, पंधराला शोभेचे दारूकाम, सोळाला कप्पडकळी. संक्रांत पंधरावर गेली की हे सारे एकेक दिवस पुढे सरकते. गतवर्षीच्या तारखा ध्यानात ठेवून निघणारी मंडळी अशीच फसतात.

अक्षतांच्या दिवशी मंदिराजवळच्या संमती कट्ट्यापाशी तीळ ठेवायला जागा नसते. तेथे म्हाताऱ्या माणसांना नेणे हे धाडस नव्हे, आडदांडपणा आहे. पण सात नंदीध्वज काही तेथेच उगवत नाहीत. बाळीवेशीतील हिरेहब्बू वाड्यातून ते निघतात आणि दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा करीत मंदिराकडे येतात. माझी धाकटी मावशी याच वाटेवरच्या एका गल्लीच्या तोंडाशी राहते. तिच्या ओट्यावर सतरंजी अंथरली, पाठीला लोड दिले आणि दोघांना सकाळी आठालाच तेथे बसविले. गर्दीला आपण गाठायला जाऊ नये. गर्दी आपल्या दारावरून जाईल अशी जागा धरावी.

आणखी एक गंमत ध्यानात आली. नंदीध्वज इतके उंच, की बसल्या माणसालाही माणसांच्या डोक्यांवरून दिसतात. ज्या कोणी प्रथम ही काठी एवढी उंच केली, त्याच्या मनात मागच्या रांगेतली म्हातारी माणसेच असावीत असे मला वाटले. पांढऱ्या बाराबंदीतला एकेक जण ती काठी तोल सांभाळीत पुढे नेत होता, आणि अण्णा बसल्या जागेवरून त्याला सूचना करीत होते, जणू याचे व्याही तेच! दुपारी कट्ट्यावर संमती वाचली गेली, तेव्हा आजूबाजूच्या गच्च्यांवरून अक्षता पडू लागल्या. अण्णांनीही मूठभर तांदूळ ओट्यावरूनच मंदिराच्या दिशेने उधळले. कट्टा केवढा तरी दूर होता. पण लग्नाला हजर राहिल्याची त्यांची खात्री पटलेली दिसली.

बाकीचे शहर आम्ही जत्रेच्या सांदीसपाटीतून पाहिले. सगळी गर्दी एकाच अंगाला ओढली गेली की शहराचे दुसरे अंग ओस पडते, हे अनुभवी माणसाला सांगायला नको. होमाच्या दिवशी दुपारी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात जेमतेम चार माणसे होती. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा डॉक्टर १९३८ साली चीनमध्ये जखमींची सेवा करायला गेला आणि १९४२ साली तेथेच वारला. आईने त्याची छायाचित्रे शांतपणे पाहिली आणि विचारले, “याची आई तवा जिती होती का रे?” मराठीचा प्राध्यापक असूनही मला शब्द सुचला नाही.

त्याआधी, बारा तारखेला, आम्ही चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेलो होतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. दिवस यात्रेचाच असल्याने पुष्कळ यात्रेकरू जवळून जातात, पण थांबत नाहीत. अण्णा थांबले. त्यांना मार्शल लॉच्या गोष्टी आजोबांनी सांगितलेल्या.

राहिले दारूकाम. अण्णांचा जीव त्यात अडकलेला, आणि आईने नाव काढताच मान हलविली. कारण मला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती आदल्या रात्री बुडवून माणसे नुकती निजली होती, आणि चार वाजण्याच्या सुमारास जमिनीच्या पोटातून तो आवाज आला. आमच्या तालुक्यातील सास्तूर आडवे झाले. किल्लारीचे नाव तर जगभर गेले. आमचे घर उभे राहिले, पण आईच्या कानात तो आवाज कायमचा राहिला. आकाशातले दारूकाम आमच्या डोळ्यांना दिसते. तिच्या पायांना ते जमिनीतून कळते.

जोडप्याने फिरवायचे म्हणजे दोघांना सदैव एकाच दाव्याला बांधायचे, असा आपला एक समज असतो. अण्णांना मावशीच्या मुलाबरोबर एका ओळखीच्यांच्या गच्चीवर धाडले. त्यांच्या खिशात नाव, गाव, औषधे आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. कारण अशा गर्दीत मोबाइल गळ्यात असला तरी लागेलच असे नाही. मी आईपाशी आतल्या खोलीत बसलो. पहिला बार झाला तसा तिने माझा दंड धरला. मावशी आवाज कमी व्हावा म्हणून दार लावू लागली, तर आई घाईने म्हणाली, “दार उघडंच राहू दे.”

बत्तीस वर्षे होत आली, ती बंद दाराआड निजत नाही. मी दारात स्टूल टाकून बसलो. तासाभराने अण्णा आले, लहान मुलासारखे हात वर करकरून सांगू लागले. आणि आई त्यांचे सारे ऐकून घेत त्यांना शेंगापोळी वाढीत होती.

सिद्धेश्वराचे मंदिर आम्ही पाहिले ते सतरा तारखेला, उजाडता उजाडता. विधी आटोपलेले, होम मैदानावरचे पाळणे मात्र अजून उभे. ते पुढेही बरेच दिवस असतात. तळ्यावरून गार वारा येत होता, शेजारी भुईकोट किल्ल्याचे बुरूज धुक्यात होते. वाटेत तीनदा बसत, कोणाचा धक्का न लागता दोघे गाभाऱ्यापर्यंत गेली. नंतर नळदुर्गाच्या अलीकडे एका शेतात थांबून हुरडा खाल्ला. आईने अर्थातच मोजून.

आता अण्णांनी पुण्याचे गणपती काढले आहेत. पुण्यात आमच्या कोणाचा ओटा नाही. पण २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्थानके मानाच्या गणपतींच्या जवळ आली आहेत. गौरी यायच्या आधीचे दोन दिवस, सकाळी नऊच्या आत, असे मी कागदावर मांडून ठेवले आहे. विसर्जनाची मिरवणूक काही त्यात नाही, आणि अण्णांनी तेवढीच ओळ नेमकी बोटाने दाखवून विचारले आहे, “हे का सोडलंस?” धाकट्या भावाला लक्ष्मी रस्त्यावर खालच्या मजल्याचा ओळखीचा माणूस शोधायला सांगितले आहे.