भाकरीवर आमटी नको, दही वाढा

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाताना लागणारं करकंब महाराष्ट्रभर ओळखलं जातं ते बाजार आमटीमुळे. आठवडी बाजाराला आलेल्या लोकांनी बाजारातल्याच डाळी आणि मसाले एका पातेल्यात शिजवले आणि ही आमटी जन्माला आली, असं सांगितलं जातं. चार-पाच डाळी, भाजलेल्या कांदा-लसूण-खोबऱ्याचं वाटण, काळं तिखट आणि वर तरंगणारा लालभडक कट. त्यात ज्वारीची भाकरी चुरायची आणि घाम पुसत ओरपायची. जेवणं उरकली की तळाशी राहिलेली आमटी आणि भाकरीचे तुकडे कालवून दारातल्या कुत्र्यापुढे ठेवले जातात. देणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण कुत्र्याला द्यायला याहून चुकीचं जेवण या गावात शोधूनही सापडणार नाही. त्याच घरात विरजलेलं साधं दही मात्र त्याच्या वाट्याला क्वचितच येतं.

तिखटाने जीभ भाजते, पोट बिघडतं, ते दिसतं तरी. कांदा आणि लसूण यांचं काम गुपचूप चालतं. या दोघांतले गंधकयुक्त पदार्थ कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात, पेशी फुटू लागतात आणि रक्त कमी होतं. शिजवल्याने किंवा वाळवून पूड केल्याने हा दोष जात नाही. पूड तर उलट जास्त तीव्र, आणि लसूण कांद्यापेक्षा जहाल. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसतात, असं पशुवैद्यकशास्त्र सांगतं. दहा किलोच्या गावठी कुत्र्यासाठी हे दोन मध्यम कांदे झाले. एका वेळच्या आमटीत कदाचित तेवढा कांदा जात नसेल. पण रोज थोडा थोडा गेला तरी नुकसान साठत राहतं. लक्षणंही लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर तपकिरी होते. तोवर आमटी सगळे विसरलेले असतात, आणि दोष उन्हावर नाहीतर गोचिडांवर जातो.

दुसरा धोका शेतातला आहे. पंढरपूर तालुका द्राक्षांचा आणि बेदाण्याचा. कासेगावच्या द्राक्षबागा, उन्हाळ्याच्या तोंडाशी भरणारी बेदाणा शेड, पंढरपूरच्या बाजार समितीतले बेदाण्याचे सौदे, हे इथलं रोजचं अर्थकारण आहे. शेडवर राखणीला कुत्रं असतंच. जाळीवरून सांडलेले मणी ते चघळतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण द्राक्ष आणि बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. यात सुरक्षित असं प्रमाणच ठरलेलं नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊनही तगतं, दुसरं थोडक्यात जातं. बरीच वर्षं याचं कारण कळत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. घरी केलेला खेळण्याचा पिठाचा गोळा खाल्लेल्या कुत्र्यात त्यांना द्राक्षांसारखीच लक्षणं दिसली होती, आणि त्या गोळ्यात याच आम्लाचा क्षार होता. चिंचेतही हे आम्ल भरपूर असतं. म्हणजे चिंचेचा कोळ घातलेल्या आमटीबद्दलची शंका आणखी एका कारणाने पक्की होते.

कुत्र्यावर माया करण्याची शिकवण या मुलखाला बाहेरून आणावी लागत नाही. कोरडी भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा पंढरपूरच्या पंचक्रोशीत लहान मुलांनाही ठाऊक असते. कुत्र्याला कोरडं खावं लागू नये ही भावना शेकडो वर्षं जपली गेली आहे. प्रश्न फक्त भाकरीवर काय घालायचं एवढाच आहे, आणि त्याला दही हे चांगलं उत्तर आहे.

दूध का नको आणि दही का चालतं, हे समजून घेण्यासारखं आहे. दुधात साडेचार-पाच टक्के दुग्धशर्करा असते. ती पचवणारं विकर पिल्लाच्या पोटात भरपूर असतं. आईचं दूध तुटलं की ते कमी कमी होत जातं. म्हणून मोठ्या कुत्र्याला वाटीभर दूध पाजलं की पोट फुगतं, पातळ संडास होते. विरजणातले जिवाणू या साखरेचा काही भाग आधीच खाऊन तिचं आम्ल करतात. दह्याचा आंबटपणा तो हाच. साखर पूर्ण संपत नाही, पण कमी होते, आणि बहुतेक कुत्री एवढं सहज पचवतात. शिवाय दह्यातून थोडी प्रथिनं आणि कॅल्शियम मिळतं. तरीही पहिल्यांदा देताना अर्धा चमचाच द्यावा आणि दिवसभर पोट कसं राहतं ते पाहावं. काही कुत्र्यांना दहीसुद्धा मानवत नाही. अशांना ते देऊ नये.

इथे दही बहुधा म्हशीच्या दुधाचं असतं, आणि म्हैसही साधीसुधी नव्हे. खांद्यापलीकडे जाणाऱ्या तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस ही सोलापूर, सांगली, कोल्हापूरची शान. कोल्हापूरच्या दूधकट्ट्यांवर तिची धारोष्ण धार ग्लासात काढून विकली जाते. गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार टक्के, तर म्हशीच्या दुधात सात टक्के किंवा त्याहून जास्त. माणसाला ती घट्ट कवडी हवीहवीशी वाटते. कुत्र्याला मात्र एकदम जास्त स्निग्ध पोटात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. घरात बसून सुटलेल्या, म्हाताऱ्या कुत्र्यांना हा धोका अधिक. म्हणून वरची साय काढून मगच दही वाढावं. लोणी काढलेलं घरचं ताक त्याहून बरं. त्यात मीठ, मिरची, हिंग घालण्याआधी कुत्र्याचा वाटा बाजूला काढावा, एवढंच.

किती द्यावं? पशुवैद्य साधारण एक नियम सांगतात: वरखाऊ दिवसभराच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला अंदाजे 600 कॅलरी लागतात. त्यातल्या 60 वरखाऊच्या. शंभर ग्रॅम साध्या दह्यात जवळपास तेवढ्याच असतात, म्हशीच्या दह्यात जास्त. तेव्हा अशा कुत्र्याला एक-दोन मोठे चमचे पुष्कळ झाले, तेही आठवड्यातून दोन-तीनदा. घरातल्या छोट्या पॉमेरियनला एक लहान चमचा बस. रोज तिन्ही त्रिकाळ दहीभात हा अनेक घरांचा शिरस्ता आहे. तो प्रेमळ असला तरी अपुरा आहे. त्यात कुत्र्याला लागणारी पुरेशी प्रथिनं नसतात. अंडं, मांस किंवा कुत्र्यांसाठीचा तयार आहार जोडीला हवाच.

दही म्हणजे निव्वळ दही. गुढीपाडव्याचं श्रीखंड नको. त्यात साखर असते, जायफळ असतं आणि वर पुन्हा बेदाणे. कांद्याची कोशिंबीर नको, लसणाची फोडणी दिलेला दहीभात नको, दह्यात कालवलेली शेंगाचटणीही नको, कारण सोलापुरी शेंगाचटणीचा जीव लसणात असतो. शहरातून आणलेली ‘शुगर-फ्री’ योगर्टची डबी तर हातही लावू नये अशी. काहींत झायलिटॉल नावाचा गोडी आणणारा पदार्थ असतो. माणसाला तो चालतो. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्सुलिन उसळतं, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते आणि यकृतालाही इजा होऊ शकते.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. दही हा खाऊ आहे, औषध नव्हे. पिल्लाला उलट्या होतात, संडासातून रक्त पडतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘दहीभात घाला, थंड पडेल.’ ही पार्वो या विषाणूजन्य आजाराची लक्षणं असू शकतात. पार्वोत पिल्लू शरीरातलं पाणी संपून जातं, त्याला तासाभराचाही उशीर परवडत नाही. तिथे सलाईन लागतं, दही नाही. गोचीड तापावर पशुवैद्य डॉक्सीसायक्लिन देतात. त्या वर्गातल्या औषधांशी दह्यातलं कॅल्शियम बांधलं जातं आणि औषध नीट लागू पडत नाही. म्हणून गोळी दह्यात लपवून चारण्याची युक्ती करण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. सोलापूरचा पारा बेचाळीसच्या वर गेला की धापा टाकणाऱ्या कुत्र्याला दह्याआधी सावली आणि पाणी हवं. त्याला ओल्या फडक्याने पुसावं आणि लगेच दवाखान्यात न्यावं.

करकंबमध्ये आमटी रांधणाऱ्या प्रत्येक हॉटेलचालकाने आणि प्रत्येक बेदाणा शेडच्या मालकाने तीन गोष्टी केल्या तर पुष्कळ होईल. उरलेली आमटी उघड्यावर ओतू नये, झाकणाच्या डब्यात टाकावी. शेडखालचे मणी रोज झाडून घ्यावेत. आणि कुत्र्यासाठी पाण्याचं एक भांडं, बिनमिठाची एक भाकरी आणि तिच्यावर साय काढलेल्या दह्याचा एक चमचा, एवढं दाराशी ठेवावं.