गाळ उपसायचा की अडवायचा?

पावसाळा जवळ आला की आमच्या टेबलावर गाळ उपशाच्या फायली येतात. व्हाळातला गाळ काढायचा, काठावर टाकायचा आणि पहिल्या सरीत तो परत आत! काठावरची झुडपे मात्र 'अडथळा' म्हणून आधीच तोडलेली. आहे की नाही गंमत?

अहो, गढूळ पाणी निवळायचे तर आधी त्याचा वेग मोडायला हवा आणि ते काम झाडे फुकट करतात. रायबंदरहून चोडणला जाताना ओहोटीच्या वेळी काठाकडे पाहा. तिवराची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली, कांदळाची मुळे कमानींसारखी उभी. भरतीचे पाणी त्यांत शिरते, मंदावते, माती खाली बसते. खाजनांच्या बांधांनाही लाटांपासून हाच आडोसा.

गोड्या पाण्याच्या व्हाळांसाठी वाळा आहे. उतारावर आडव्या दाट रांगा लावल्या की माती तिथेच अडते. मुळे दोन-तीन मीटर खोल जातात.

अर्थात झाडांच्या माथी सगळेच मारू नये. २०१२ साली खाणी थांबेपर्यंत डिचोलीच्या नदीत लाल माती किती यायची, ते आपण पाहिलेच आहे. श्वासमुळे गाळाखाली गाडली गेली की तिवर गुदमरते. तेव्हा माती खाणीच्या उतारावरच अडवायला हवी, आणि तिथेही गवतच लावावे लागते. जेसीबीच्या तासांचे अंदाजपत्रक दरवर्षी मंजूर होते; वाळ्याच्या रोपांची मागणी मी अजून एकाही फायलीत पाहिलेली नाही.