डीपी वीज पडून जळते, की अर्थिंगअभावी?



पहिला वळीव आला की जालना जिल्ह्यात डीपी जळायला सुरुवात होते. विचारायला जावं तर ठरलेलं उत्तर मिळतं, "वीज पडली, त्याला आम्ही काय करणार?" मग गावानं वर्गणी काढायची, जळकी डीपी ट्रॉलीत घालायची आणि नवी मिळेपर्यंत मोसंबीनं माना टाकायच्या. वीज पडणं कुणाच्या हातात नाही, हे कबूल. डीपी जळणं मात्र माणसाच्या हातात आहे.

मोटार एकदम बंद पडली की पाइपलाइनीत काय होतं, हे आपल्याला शिकवायला नको. पाणी माघारी फिरतं, बंद तोंडावर आपटतं आणि तिथंच पाइप फुटतो. तारेतही तसंच घडतं. वीज थेट तारेवरच पडावी लागत नाही. शेजारच्या रानात पडली तरी ११ हजाराच्या लाइनीत लाख-दोन लाख व्होल्टचा धक्का उठू शकतो. तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही, पण धावतो जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. लाइन जिथं संपते तिथं डीपी. अशा झटक्याला तिचं वाइंडिंग बंद तोंडासारखंच, म्हणून धक्का आपटून जवळपास दुप्पट होतो. डीपीची ताकद असते ७५ ते ९५ हजार व्होल्टचा झटका सोसायची!

यावर इलाज जुनाच आहे, तडितरोधक. लाइनमन त्याला एलए म्हणतात. एरवी तो गप्प असतो, धक्का आला की जमिनीत वाट करून देतो. पण जमिनीपर्यंत वाट हवी ना! अर्थिंगचा रोध १० ओहम असेल आणि ५ हजार अँपिअर उतरले, तर अर्थिंगवरच ५० हजार व्होल्ट चढतात. रोध ५० ओहम झाला की अडीच लाख. मग एलए असून नसल्यासारखा. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, खाली काळा पाषाण. म्हणजे विजा सुरू होतात नेमक्या तेव्हाच अर्थिंगचे खड्डे कोरडे ठाक.

२०१८ मध्ये राज्यात उच्चदाब वितरण योजना आली, एक-दोन शेतकऱ्यांमागे एक छोटी डीपी. योजना चांगली. पण डीप्या वाढल्या तशी धक्का आपटायची टोकंही वाढली, आणि प्रत्येक टोकाला चांगला एलए आणि ओली अर्थिंग लागते. ते कोण बघतं?

२००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे सेवेचे निकष पाळले नाहीत तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. वर्गणीचं नाव त्या कायद्यात कुठंही नाही.

बैठकीला येताना आपल्या डीपीची हकीगत लिहून आणा : एलए जागेवर आहेत का, अर्थिंगची पट्टी तुटली आहे का, गेल्या पावसाळ्यात डीपी किती वेळा जळाली. हे लांबूनच बघा, खांबाला हात लावू नका. मृगाआधी प्रत्येक डीपीची अर्थिंग मोजून आकडा तिथंच रंगवावा, ही मागणी आठही तालुक्यांतून एकाच दिवशी लेखी द्यायची आहे.