पौरुषाची कुपी

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या ताईच्या घरी मोठा गमतीचा प्रसंग घडला. निदान त्या वेळी सर्वांना तो गमतीचा वाटला. पाट मांडलेला, उटणे भिजवलेले, तेल कोमट करून ठेवलेले, शेजारची पोरे पहिले फटाके संपवून दुसऱ्यांच्या शोधात निघालेली. आणि आमचा एकतीस वर्षांचा भाचा काही केल्या अंथरुणातून उठेना. साडेसातला तो कसाबसा पाटावर येऊन बसला, आणि आई पाठीला तेल चोळीत असता बसल्या जागी पुन्हा झोपी गेला! घरात हशा पिकला. "लग्न मानवलंय हो आमच्या दादाला," असे त्याची मावशी म्हणाली. आजीने त्याच्या सुटलेल्या पोटाकडे कौतुकाने पाहून "खात्यापित्या घरचा दिसतोय," असे प्रशस्तिपत्र दिले. सगळे हसले. सून मात्र हसली नाही आणि भाचाही हसला नाही.

फराळ आटोपल्यावर तो मला गच्चीवर घेऊन गेला. "मामा, हे बघ जरा," असे म्हणून त्याने फोनवर रक्ततपासणीचा एक अहवाल उघडला. पानभर आकडे काळे, आणि एकच लाल. टेस्टोस्टेरॉन, डेसिलिटरला 262 नॅनोग्रॅम. शहरातल्या एका दवाखान्याने (नाव घेत नाही, तसे दवाखाने आता गल्लोगल्ली आहेत) त्याला सांगितले होते की तुमची थकवा, वजन, उत्साह नसणे ही सारी दुखणी या एका लाल आकड्यात आहेत, दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन घ्या, पंचविशीचे व्हाल.

"रक्त कधी दिलंस?" मी विचारले.

"ऑफिसातून येताना. पाच वाजले असतील."

"आदल्या रात्री झोपला होतास?"

"चार तास. रिलीज होतं."

"आणि तुम्हाला मूल हवंय, हे त्या डॉक्टरला माहीत आहे?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. दोघे वर्षभर वाट पाहत होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. ज्याने विचारायला हवे होते त्यानेच तेवढे विचारले नव्हते.

वाचकहो, दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. चिवडा खात खात वाचायचा हा विषय नव्हे, हे मलाही कळते. पण ज्या घरात अंक मोठ्याने वाचला जातो, त्याच घरातला तरुण हा लाल आकडा खिशात घेऊन हिंडत असतो, आणि त्याच्याशी याविषयी बोलणारा एकटा दुकानदार असतो. तेव्हा मी बोलणार. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी दोन पाने उलटून पाककृतींकडे जावे.

पौरुष बाटलीत भरून विकण्याचा धंदा काही आजचा नाही. 1889 च्या जून महिन्यात पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने विद्वानांच्या सभेत उभे राहून जाहीर केले की, कुत्र्यांच्या आणि गिनिपिगांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला असून बहात्तराव्या वर्षी आपल्या अंगी तारुण्य संचारले आहे. जिने चढतो, तासन् तास काम करतो, आणखी काय काय करतो! विद्वानांनी मिशीत हसून घेतले, पण बाजाराने हसण्यात वेळ दवडला नाही. तसले अर्क धडाक्याने खपू लागले. पुढे 1920 च्या सुमारास त्याच पॅरिसात व्होरोनॉफ नावाचे डॉक्टर श्रीमंत म्हाताऱ्यांच्या अंगात माकडाच्या वृषणांच्या चकत्या शिवू लागले. अमेरिकेत कॅन्सस राज्यात ब्रिंक्ले नावाच्या महाभागाने त्यासाठी बोकड पसंत केला. 1930 साली त्याचा डॉक्टरकीचा परवाना रद्द झाला, तर पठ्ठ्या गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा राहिला, आणि मतेही त्याला भरघोस पडली. माणसाला तारुण्याचे आमिष दाखवा, तो बोकडालाही मत देईल.

खरा पदार्थ हाती लागला 1935 साली. ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी सुमारे शंभर किलो बैलांची वृषणे वापरून त्यातून दहा मिलिग्रॅम स्फटिक मिळवले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन असे नाव दिले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत घडवले. 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्या दोघांना मिळाले. शंभर किलोमागे दहा मिलिग्रॅम! आता ब्राऊन-सेकारच्या अर्काचा हिशेब करा. 2002 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच कृतीने तो अर्क पुन्हा करून पाहिला, तेव्हा त्यात हे हार्मोन इतके नगण्य निघाले की अंगात फरक पडणे शक्यच नव्हते. म्हातारबुवा जिने चढले ते श्रद्धेच्या जोरावर.

या जुन्या थोतांडांना मी हसतो खरा, पण त्यांच्यापेक्षा आजच्या कुपीची मला भीती अधिक वाटते. त्या अर्काने कुणाच्या शरीराचा कारभार उलटापालटा झाला नाही, कारण त्यात काही नव्हतेच. आजच्या कुपीत खरा माल असतो!

आणि खरा माल काय करतो ते नीट ऐका. मेंदूच्या तळाशी पिट्युइटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. ती वृषणांना सतत हुकूम पाठवीत असते, आणि त्या हुकमावर वृषणे दोन कामे करतात: टेस्टोस्टेरॉन तयार करणे आणि शुक्रजंतू तयार करणे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचले की ग्रंथीला वाटते, घरात धान्याची कोठारे भरलेली आहेत, आता दळण कशाला? ती हुकूम थांबवते. वृषणांचे काम बंद पडते, ती आकाराने लहान होतात, आणि रक्तातला आकडा झकास वर चढलेला असताना शुक्रजंतू मात्र घटत घटत कित्येकदा शून्यावर येतात. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी संततिप्रतिबंधक म्हणून याच इंजेक्शनांची अनेक देशांत चाचणी घेतली होती! तिचा वृत्तान्त 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. दर आठवड्याला इंजेक्शन घेणाऱ्या निरोगी पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांच्या वीर्यात सहा महिन्यांच्या आत एकही शुक्रजंतू उरला नाही. म्हणजे जे औषध मूल होऊ नये म्हणून तपासले गेले, ते आमच्या भाच्याला मर्दपणा वाढावा म्हणून देऊ केले होते. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे काम पुन्हा सुरू होते, हे खरे. पण त्याला महिने लागतात, कुणाकुणाला वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि तेवढ्यात नणंदा-जावांच्या नजरा कुणाकडे वळतात ते सांगायला नको. सुनेकडे!

विक्रेत्यांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ते निखळ खोटे बोलत नाहीत. ते अर्धे बोलतात. पुरुषांतले हे हार्मोन पिढीगणिक खाली चालले आहे अशा खुणा खरोखर आढळल्या आहेत. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 1987 पासून 2004 पर्यंत पुरुषांची वेळोवेळी तपासणी झाली, आणि 2007 मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिले की त्याच वयाच्या पुरुषांत नंतरच्या वर्षांतले आकडे आधीपेक्षा कमी आहेत. वाढलेल्या वजनाने या घसरणीचा काही भाग उलगडतो, सगळा उलगडत नाही. शिवाय ज्यांना खरोखर रोग आहे अशी माणसे असतात. कुणाच्या पिट्युइटरीत गाठ असते, कुणाला पौगंडावस्थेत गालगुंड होऊन त्याची झळ वृषणांना लागलेली असते, कुणी जन्मतःच एक जादा गुणसूत्र घेऊन आलेला असतो. अशांना टेस्टोस्टेरॉन हे औषध आहे, चैन नव्हे. आणि यांतले कित्येक जण लाजेपायी डॉक्टरकडे जातच नाहीत. ज्याला हवे त्याला मिळत नाही आणि ज्याला नको त्याच्या गळ्यात मारले जाते.

पण आमच्या भाच्यासारख्यांचे काय? त्यांचा दिवस पाहा. हिंजवडीच्या वाहतुकीत दोन तास, खुर्चीत दहा तास. रात्री साडेनऊला, म्हणजे न्यूयॉर्कात दुपार असताना, साहेबांशी बोलणी. अकराला दारात आलेले जेवण, मग फोन छातीवर ठेवून दीडपर्यंत जागरण, आणि सहाला गजर. शिकागोच्या विद्यापीठात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, आणि त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरले. हा 2011 सालचा प्रयोग. आमच्या मुलांवर हा प्रयोग वर्षानुवर्षे चालू आहे, तोही पगार देऊन. या हार्मोनचा बराचसा भाग झोपेत तयार होतो. सकाळी ते सर्वांत जास्त असते आणि संध्याकाळपर्यंत उतरते, पोटभर जेवल्यावरही काही काळ उतरते. म्हणून रक्त द्यायचे ते सकाळी, उपाशी पोटी, आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा देऊन खात्री करायची, असा वैद्यकाचा साधा शिरस्ता आहे. पाच वाजता, जागरणानंतर, डबा खाऊन दिलेल्या रक्तावरून पौरुषाचा निवाडा करणे म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या हमालाला वजन उचलायला लावून त्याला दुबळा ठरवणे होय.

आता त्या पोटाविषयी, ज्याचे आजीने कौतुक केले. चरबी ही निमूट पडून राहणारी वस्तू नाही. तिच्यात टेस्टोस्टेरॉनचे स्त्री-हार्मोनमध्ये रूपांतर करणारे द्रव्य असते. पोट वाढले की हार्मोन उतरते, ते उतरले की स्नायू झडतात, आणि पोट आणखी वाढते. अमेरिकेत बफेलो येथे परेश दंडोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2004 साली आढळले की मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहाच्या पुरुष रोग्यांत तिघांपैकी एकाचे टेस्टोस्टेरॉन कमी आहे. आणि आमच्याकडे पोट सुटायला लठ्ठ असावे लागते असेही नाही! पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, अगदी सारखा. पण शरीरातील चरबी इंग्रजाची 9.1 टक्के आणि आमच्या पुणेकराची 21.2. शर्ट आत खोचून आपण सडपातळ दिसतो, ते शिंप्याचे कसब. म्हणून आपल्या पुरुषांसाठी कमरेची मर्यादा नव्वद सेंटिमीटर धरतात. घरोघरी शिवणाची टेप असते. ती वापरायला दवाखाना लागत नाही. याज्ञिकांनी पुणे परिसरातल्या पुरुषांत बी-बारा जीवनसत्त्वही तपासले होते. दोनतृतीयांशांत ते कमी निघाले. थकव्याचे हे एक अगदी स्वस्त कारण, म्हणूनच बहुधा ते कुणी जाहिरातीत घालीत नाही.

यावर वडीलधारी मंडळी म्हणतील, "आम्ही नाही का काबाडकष्ट केले? आजची पोरेच नाजूक!" क्षमा करा, पण हे बोलणे त्या दवाखान्याच्या जाहिरातीहून वेगळे नाही. दोघेही तरुणाला एकच सांगतात, की तुझ्यात काहीतरी कमी आहे. तुम्ही दहाला दिवा मालवीत होता, कारण जागून करायचे काय होते? मुलाला रात्री बाराला बोलावणारी नोकरी तुम्हीच पेढे वाटून साजरी केली, आणि आता त्याच्या जांभईला हसता?

आपल्याकडे या विषयावर एक माणूस बोलला होता. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, आणि घाबरलेल्या वाचकांच्या प्रश्नांना सरळ, शास्त्रीय उत्तरे दिली. 1934 साली अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरीही कर्व्यांना दंड भरावा लागला. उत्तरे देणाऱ्याला दंड झाला. प्रश्नांची भीती घालून चूर्णे विकणाऱ्यांच्या जाहिराती मात्र रेल्वेच्या भिंतींवर निर्वेध राहिल्या. पुढे 1954 मध्ये अशा जाहिरातींना बंदी करणारा कायदाही झाला. भिंतीवरचा रंग उडाला, जाहिरात फोनवर आली, एवढाच फरक.

भाच्याने इंजेक्शन घेतले नाही. त्याच्या घोरण्याची गोष्ट सुनेनेच सांगितली. रात्री मध्येच त्याचा श्वास अडकतो, म्हणून ती बिचारी जागी राहायची. झोपेची तपासणी झाली, तेव्हा श्वास थांबण्याचा रोग निघाला. बी-बारा कमी निघाले, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. नाकावर मुखवटा लावून तो झोपू लागला, रात्रीची बोलणी भांडून आठवड्यातून दोनच करून घेतली (त्यापायी यंदाची बढती हुकली, हेही लिहून ठेवतो), आणि चार महिन्यांनी सकाळी आठला दिलेल्या रक्तात आकडा 405 आला. कंबर अजून नव्वदच्या वरच आहे. मूल अजून नाही. पण आता तपासणीला दोघे मिळून जातात.

त्या दवाखान्याचे निरोप त्याला अजून येत असतात. परवाच एक आला. दिवाळीनिमित्त खास सवलत, दोन इंजेक्शनांवर तिसरे मोफत. तो त्याने मला पाठवला, आणि खाली लिहिले, "मामा, आजीला सांग, या वर्षी मी पाचला उठणार आहे."