रफ कागद कोण तपासतो?

सराव परीक्षा संपली की मुले गुण सांगतात, आपण उत्तरसूची वाचतो, चुकलेली गणिते फळ्यावर सोडवतो आणि पुढच्या रविवारची वेळ देतो. या सगळ्यात एक वस्तू कुणीच मागत नाही. मुलाने तासाभरात जे लिहिले, खोडले, गिरवले तो रफ कागद चुरगळून दप्तरात जातो किंवा बाकाखाली राहतो. चूक त्या कागदावर झालेली असते आणि आपण ती उत्तरसूचीत शोधत बसतो.

जबलपूरच्या रांझीत हा विषय काढायला कारण आहे. व्हेइकल फॅक्टरी, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, शहरात १९०४ पासून असलेली गन कॅरेज फॅक्टरी आणि गोकलपूरचे १९४७ सालचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या अधेमधे वसलेल्या या वस्तीत स्पर्धा परीक्षा घराघरांत मुक्कामाला असते. थोरली जेईईच्या मागे, धाकटा रेल्वेच्या नाहीतर स्टाफ सिलेक्शनच्या. जबलपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते, त्यामुळे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरेही यात आहेत. शिकवणारा मात्र बहुतेकदा एकच. संध्याकाळी सहाला तो एसएससीची तुकडी घेतो, आठला जेईईची, आणि दोन्ही तुकड्यांना सांगतो, ‘रफ नीट करा.’ या सल्ल्याचा कुणालाही काडीचा उपयोग नाही.

कारण वेळेचा हिशेब वेगळा आहे. एसएससी सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे ३६ सेकंद. रेल्वेच्या एनटीपीसीच्या पहिल्या टप्प्यात ९० मिनिटांत १००, म्हणजे ५४ सेकंद. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५, म्हणजे २ मिनिटे २४ सेकंद. गेटला पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, जेईईला मिळत नाही. छत्तीस सेकंदांत तीन ओळींपलीकडे लिहिणारा मुलगा मागे पडतो. जेईईच्या समाकलनात तीनच ओळी लिहिणारा चिन्ह हरवतो.

दुसरा फरक आपल्यापैकी अनेकांच्या शिकवण्यात अजून उतरलेलाच नाही. आपण स्वतः कागदी प्रश्नपत्रिकेवर वाढलो. अट दिसली की अधोरेखा मारायची, चुकीचा पर्याय खोडायचा, छापील त्रिकोणातच लंब काढायचा. एनडीएच्या गणिताला १५० मिनिटांत १२० प्रश्न असतात, पण ती परीक्षा कागदावर असल्याने ही मुभा तिथे आहे. पडद्यावर ती गेली. प्रश्न समोर उभा, कागद खाली आडवा, आणि प्रत्येक संख्येला डोळ्यांतून हातापर्यंत प्रवास करावा लागतो. मुले ज्यांना सहज ‘सिली मिस्टेक’ म्हणतात त्यांपैकी बऱ्याच चुका या प्रवासातच होतात.

त्यात आपल्या संख्यानामांची भर आहे. मराठीत काय, हिंदीत काय, एकक आधी बोलला जातो आणि दशक मागून येतो. ४७ वाचून मनात ‘सत्तेचाळीस’ म्हणणारे मूल घाईत ७४ लिहू शकते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’सारखे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या बदलाच्या बाजूने असा की विरोधात, त्यामागची अडचण खरी होती, आणि ती दुसरीत संपत नाही. बावीस वर्षांच्या उमेदवारालाही ती गाठते.

आणि गंमत म्हणजे आपला आवडता नवाचा ताळा इथे हात टेकतो. ४७ गुणिले ८६ बरोबर ४०४२. अंकांच्या बेरजा २ आणि ५, गुणाकार १०, म्हणजे १. ४०४२ ची बेरीजही १०, म्हणजे १. ताळा जुळला. पण ४७ ऐवजी ७४ लिहिले तरी अंकांची बेरीज तीच, त्यामुळे पुढचा चुकीचा गुणाकारही ताळ्यात बिनबोभाट जुळतो. उतरवताना झालेली अदलाबदल उतरवतानाच पकडावी लागते. म्हणून पहिली सवय: संख्या लिहून झाल्यावर नजर एकदाच पडद्याकडे, अंक डावीकडून एकेक जुळवायचे, मगच आकडेमोड. मनात नाव न घेता ‘चार, सात’ असे सुटे अंक म्हणत लिहिले तर आणखी बरे.

संख्यांच्याही आधी काय लिहायचे, तर काय विचारले आहे ते. रेल्वेच्या परीक्षेतला नेहमीचा नमुना घ्या. २८० मीटर लांबीची गाडी ताशी ६३ किलोमीटर वेगाने ४२० मीटरचा फलाट किती सेकंदांत ओलांडेल? रफ एवढेच हवे: वर ‘से.?’, खाली ‘७००’, त्याखाली ‘१७.५’, शेवटी ‘४०’. पर्यायांत १६ आणि २४ हमखास असतात. एक नुसत्या गाडीच्या लांबीतून येतो, दुसरा नुसत्या फलाटाच्या. प्रश्न काढणाऱ्याने मुलाच्या रफचा अंदाज घेऊनच ते पर्याय मांडलेले असतात. आपणच तो घेत नाही.

काळ-काम-वेगातही तेच. एक जण १२ दिवसांत, दुसरा १८ दिवसांत काम पुरे करतो. चार दिवस दोघे मिळून करतात, मग पहिला जातो. काम ३६ भागांचे धरले तर रोजचे ३ आणि २, चार दिवसांत २०, उरले १६, दुसऱ्याला ८ दिवस. इथवर सगळे येतात. प्रश्न ‘एकूण किती दिवस’ असा असेल तर उत्तर १२ आहे, आणि ८ हा पर्याय वाट पाहत असतो. ज्याने सुरुवातीला कोपऱ्यात ‘एकूण?’ एवढे लिहिले तो वाचला. कारखान्यात जॉबबरोबर त्याचे कार्ड फिरते, तसा हा एक शब्द प्रश्नाबरोबर शेवटपर्यंत राहिला पाहिजे. रांझीतल्या मुलांना हे वडिलांच्या तोंडून जास्त लवकर पटेल.

आता ज्यावर वाद होईल ते. पेन न उचलता गणित सोडवून दाखवणे हा आपल्या धंद्यातला मोठा डौल झाला आहे. वर्ग टाळ्या वाजवतो, चित्रफीत फिरते. जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या प्रसिद्ध निबंधात एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टींची संख्या सातच्या आसपास मानली होती. पुढच्या संशोधनाने ती चारच्या आसपास आणली. वरच्या काळ-कामाच्या गणितात ३, २, २०, १६ आणि ‘एकूण’ धरले तर पाच झाल्याच. शिक्षकाला ते जमते, कारण तो नमुना त्याने हजारदा पाहिलेला असतो. त्याच्यासाठी ती एकच गोष्ट असते. ते पाहून मुलगा लिहायचे सोडतो, आणि त्याचे श्रेय आपल्याकडे येत नाही एवढेच.

याचा अर्थ सगळे लिहा असा नव्हे. सात गुणिले आठ लिहिणारा मुलगा वेळ घालवतो. वीसपर्यंतचे पाढे, तीसपर्यंतचे वर्ग, नेहमीच्या अपूर्णांकांचे शेकडेवारीतले रूप, आणि ज्यांच्या घरी आजोबांनी शिकवली असेल त्यांची पावकी-निमकी, हे तोंडीच हवे. मधली उत्तरे कागदावर, पाढे डोक्यात.

आपल्याकडे जुने गणिती पाटीवर धूळ पसरून आकडेमोड करीत आणि पुढच्या पायरीसाठी मागची पुसून टाकीत. दहाव्या शतकात दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसीने हीच हिंदी अंकपद्धती शाई आणि कागदासाठी बदलून घेतली, ती मधल्या पायऱ्या पुसाव्या लागणार नाहीत अशी. मुलाच्या हातात आज कागद आहे, पण एकावर एक गिरवून तो त्याचीच धुळपाटी करतो.

जेईईच्या मुलांसाठी तर हे फारच महाग पडते. चौदावा प्रश्न ‘पुनरावलोकनासाठी’ खूण करून सोडला आणि चाळीस मिनिटांनी परत आलात, तर त्याचे अर्धे काम कागदावर सापडले पाहिजे. कागद दोनदा घडी घालून चार चौकोन, प्रत्येक चौकोनात वर प्रश्नक्रमांक गोलात, सोडलेल्या प्रश्नापुढे कुठे अडलो ते दोन शब्दांत. ‘विवेचकाची अट बाकी’ एवढे पुरते. उमेदवाराने नाव आणि अर्ज क्रमांक घालून केंद्रावर परत करायचा तो कागद गुणांसाठी कुणी वाचत नाही, त्यामुळे अक्षर कसेही चालेल. जागा मात्र ठरलेली हवी.

आपल्या बाजूने करण्यासारखे थोडेच आहे, पण ते कंटाळवाणे आहे म्हणून राहून जाते. सराव परीक्षेला चौकटीची वही बंद करा, सुटे कोरे कागद द्या. बरीच मुले सराव मोबाइलवर करतात. फोन कागदाशेजारी आडवा असतो, मान वरखाली होत नाही, आणि केंद्रावर उभा पडदा आला की उतरवण्याच्या चुका वाढतात. महिन्यातून एकदा तरी त्यांना संगणकासमोर बसवा. संपल्यावर कागद गोळा करा, चुकलेल्या तीन-चार प्रश्नांचे रफ पाहा आणि मुलाला शेजारी बसवून विचारा, ही संख्या कुठून आली? वर्ग मोठा असेल तर दर आठवड्याला पाचच मुले घ्या. आणि एकदा स्वतः, न पाहिलेली प्रश्नपत्रिका घड्याळ लावून वर्गासमोर सोडवा. खोडलेले खोडलेलेच राहू द्या.

पुढच्या अंकात आम्ही असे खरे रफ कागद छापणार आहोत. विद्यार्थ्याची संमती घेऊन, नाव आणि क्रमांक झाकून, मूळ प्रश्नासह पाठवा. कृपया सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून पाठवू नका.